सासू, जावई आणि देव : चार वर्षांनी परत ट्रककडे (जुना धागा वर काढतोय)

घाटवळण | ८ जून, रात्री ११.४०

मंडळी, धागा वर काढतोय. यातली शेवटची पोस्ट माझीच आहे, फेब्रुवारी २०२१ ची : "उद्या गिअरबॉक्स खाली घेतोय, संध्याकाळी फोटो टाकतो." ती संध्याकाळ चार वर्षं लांबली. मधे काहींनी निरोप पाठवून चौकशी केली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. माफ करा.

नवीन लोकांसाठी : गाडी टाटा मर्सिडीज बेंझ, एल ३१२, १९६१ ची. कोयना धरणाचं काम चालू असताना आजोबांनी घेतली. कराड स्टेशनात मीटरगेजने आलेलं सिमेंट उचलायचं आणि कोयनानगरला टाकायचं, हा तिचा पहिला धंदा. धरण झाल्यावर कुंभार्ली घाटातून चिपळूणला गूळ न्यायचा, येताना मिळेल ते भरायचं. डिसेंबर ६७ च्या भूकंपानंतर पंधरा दिवस ती पत्रे आणि धान्य वाहत होती, बिनभाड्याची. हे आजोबांनी कधी सांगितलं नाही, आजी सांगायची. ७८ ते ९६ अण्णांनी (वडील) चालवली. मग घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. २०१८ च्या दिवाळीत मी आणि अण्णांनी खोलायला घेतली.

पुढचं एकदाच लिहितो. गिअरबॉक्स उतरवला. मी शिफ्टला असायचो म्हणून अण्णांनी तो एकट्यानेच खोलला. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत अण्णा गेले, नऊ दिवसांत. पुढच्या वर्षी माझी कंबर गेली, एल४-एल५ चं ऑपरेशन, पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं बजावून सोडलं. मी दवाखान्यात असताना घरातल्याच कोणीतरी रेडिएटर आणि डायनामो भंगारात घातला. ३,२०० रुपये आले म्हणे. नाव घेत नाही, त्याच गावात राहायचंय. त्यानंतर, जिथे मी अकरा वर्षं काम केलं होतं तिथली आमची लाइन बंद झाली. आता घरची शेती आणि दुसऱ्याच्या दुकानात बसणं.

परत यायचं काही ठरवलं नव्हतं. मे महिन्यातल्या वळवाने शेडचा पत्रा उडाला, तो बसवायला गेलो आणि ताडपत्री उचलावी लागली. सीटचा काथ्या उंदरांनी नेलेला, बॉनेटखाली कुंभारणीची घरं. आणि मागच्या फळीवर डबे. तंबाखूचे, बिस्किटांचे, एक आईचा हिंगाचा. एकूण तेवीस. अण्णांना मी म्हटलं होतं, खोलताना प्रत्येक डब्यावर नंबर घाला. नंबर घातलेलेच नाहीत. ऑइलपेंटने लिहिलंय : सासू. जावई. थोरली. धाकटी. तलाठी. देव. आणखीही आहेत, त्यातले बरेचसे आत काय आहे ते बघून कळले. हे सहा कळत नाहीत. हसा, पण कोणाला काही उमगतंय का?

डबलक्लच | ८ जून, रात्री ११.५८

अरे माणसा! तुझी गाडी विकली गेली असंच धरून चाललो होतो. अण्णांचं वाचून वाईट वाटलं. त्यांचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे, मडगार्डवर बसून चहा पितानाचा. डब्यांबद्दल मिस्त्रीकाकांना हाक मार.

एसटी_मिस्त्री_निवृत्त | ९ जून, सकाळी ६.१०

हाक ऐकली. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली माझी. तुझे अण्णा मला आवडले, भेटायला पाहिजे होते.

सासू सोपी आहे. क्लचचं रिलीज बेअरिंग. पायडलवर पाय ठेवला की कुरकुर, पाय काढला की गप्प. आमच्याकडे पण हेच नाव चालायचं, बायका आसपास नसताना.

जावई म्हणजे रिव्हर्सचा आयडलर, मधला गिअर. दोन गिअरांच्या मधे बसतो, स्वतः काही ओढत नाही, पण त्याच्याशिवाय गाडी मागं जात नाही. डबा उघडून बघ, मधे भोक असलेला आखूड गिअर आणि त्याची पिन असणार.

बाकीचे फोटो टाक. फोटोशिवाय सांगायला मी ज्योतिषी नाही.

अनघा_मिरकरवाडा | ९ जून, सकाळी ९.३०

मिस्त्रीकाका, नमस्कार. सासूबद्दल निषेध नोंदवते आणि पुढे जाते.

घाटवळणदादा, तलाठी म्हणजे स्पीडोमीटरचा गिअर असणार हो. गाडी किती फिरली त्याची नोंद ठेवतो ना! थोरली-धाकटी म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या पण सारख्या नसलेल्या वस्तू, सिलेक्टरचे (गिअर सरकवणारे) फाटे असतील.

पण मला वेगळंच विचारायचंय. गिअरबॉक्स कशाला आधी? इंजिन फिरतंय का ते बघितलंत? आमच्याकडे होडीवर जुनी ट्रकची इंजिनं असतात, पावसाळ्यात बंद राहतात. चार महिने उभं राहिलेलं इंजिनसुद्धा कधी कधी रुसतं, तुमचं तर एकोणतीस वर्षांचं आहे. इंजिन जाम असेल तर गिअरबॉक्स बांधून काय करणार, पूजा?

घाटवळण | ९ जून, रात्री १०.१५

अनघाताई, तलाठी बरोबर! दात असलेलं छोटं चाक आणि केबल लागायची बोंडी. थोरली-धाकटी पण फाटेच निघाले. सासू, जावई दोन्ही बरोबर. मी डबा हातात घेऊन शेडमध्ये एकटाच हसलो आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

देव कळला नाही. हिंगाच्या डब्यात आहे. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लहान पिन, दोन्ही टोकं गोलसर घासलेली. बाकी सगळं अण्णांनी नुसतं डिझेलमध्ये बुचकळून ठेवलंय, ही मात्र ग्रीस लावून धोतराच्या चिंधीत गुंडाळलीय. कुठे बसते ते कळत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीची असेल का?

इंजिन : नाही, फिरत नाही. २०२० मध्ये फिरत होतं, आता क्रँकच्या नटाला पाना लावून ढिम्म हलत नाही.

अनघा_मिरकरवाडा | १० जून

जोर लावू नका, कंबर जाईल आणि क्रँकचा नटही. आमची पद्धत : सगळे नोझल काढा. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल, साधारण अर्धी वाटी. भोकं चिंध्यांनी बुजवा. पंधरा दिवस विसरा. रोज जाऊन पाना लावून बघण्याचा मोह होईल, तो आवरा. मग फ्लायव्हीलच्या दातांत सबल अडकवून आधी उलटं, मग सुलटं, एकेक दात. फिरलं की नोझल न लावता हाताने दहा-वीस फेरे द्या, आतलं तेल बाहेर उडू दे. सिलिंडरमध्ये तेल साठलेलं असताना नोझल बसवून सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्याकडे एकाने हा उद्योग केलाय, तो रॉड आता माडाला बोया बांधायला वापरतात.

आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून सुरू करायचा सल्ला गावात कोणीतरी नक्की देईल. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

ओरिजिनलच_हवं | ११ जून

जुना धागा वाचला. एक लक्षात येतंय का कोणाच्या? गाडी एल ३१२ आणि आत इंजिन ६९२. म्हणजे गाडीचं हृदयच बदललेलं. पुनरुज्जीवन करायचं तर मूळ ३१२ चं इंजिन शोधा, नाहीतर याला जुगाड म्हणा. बॉनेटवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा लावायचा आणि आत नंतरचं इंजिन, हे मला पटत नाही. आणि असा ट्रक पिंपरीच्या कारखान्यातून मिळालेला असेल तर तिथली कागदपत्रं मागवता येतील का बघा.

नागपूरकर_चासी | ११ जून

साहेब, १९६१ मध्ये पिंपरीचा कारखाना कुठला? टेल्को (टाटांची ट्रक कंपनी) आणि डाइमलर-बेंझचा (मर्सिडीजवाले) करार १९५४ चा, गाड्या बनायच्या जमशेदपूरला. करार १९६९ ला संपला, तारा तेव्हा उतरला. पुण्याचं प्रकरण त्याच्या बरंच नंतर रंगात आलं.

माझे वडील जमशेदपूरहून चासी आणायचे, म्हणून हे पाठ आहे. नुसती चासी आणि काऊल (बॉनेटकडचा पुढचा भाग). ना केबिन, ना दार, ना टप. लाकडी खोक्यावर पोतं टाकून बसायचं, डोक्याला मफलर, डोळ्याला गॉगल. बहारागोडा, संबलपूर, रायपूर, नागपूर, जुना सहा नंबरचा हायवे. पाऊस आला की पाऊस अंगावर. जानेवारीत रायपूरच्या अलीकडे थंडीने बोटं स्टेअरिंगवरून सुटायची नाहीत म्हणत. नागपूरला घरी एक रात्र, आई गरम पाण्याची बादली तयार ठेवायची, आणि सकाळी परत पुढे. केबिन आणि हौदा तुमच्याकडचे सुतार-लोहार बांधायचे. म्हणजे घाटवळणभाऊ, तुमच्या गाडीचं अर्धं अंग जमशेदपूरचं आणि अर्धं तुमच्याच भागातलं. केबिनचं लाकूड कुठलं आहे? सागवान की बाभूळ?

घाटवळण | १२ जून

नागपूरकर, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. केबिनचा सांगाडा सागवानी, हौद्याचे आडवे बाभळीचे. फाळक्याची एक फळी आंब्याची आहे, ती नंतर कोणीतरी बसवलेली.

ओरिजिनलसाहेब, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. ३१२ चं मूळ इंजिन ९० बोअर, १२० स्ट्रोक, ४.६ लिटर, प्रीचेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं). ६९२ ला बोअर ९२, स्ट्रोक तोच, ४.८ लिटर, डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल सरळ सिलिंडरमध्ये). घराणं एकच, पिढी पुढची. हे इंजिन अण्णांनी ८४ साली घातलं, कारण मूळ ब्लॉक घाटात तडकला आणि माझ्या आत्याचं लग्न तोंडावर होतं. गाडी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. ३१२ चं इंजिन शोधत बसलो तर आणखी दहा वर्षं जातील, माझ्याकडे आहेत की नाही माहीत नाही. ६९२ चे लाइनर-पिस्टन अजून पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. मला ही गाडी १९६१ ची करायची नाहीये. अण्णांनी ९६ साली चावी काढली तेव्हा होती तशी करायचीय. याला जुगाड म्हणायचं असेल तर म्हणा.

ओरिजिनलच_हवं | १२ जून

तडकलेल्या ब्लॉकचं माहीत नव्हतं. ठीक. पण तारा लावू नका, ही विनंती कायम.

वहीबंद | १४ जून

वेगळा सूर लावतोय, राग मानू नका. माझी ५८ ची फार्गो ट्रक होती, प्रीमियर कंपनीची, पर्किन्स पी६ इंजिनवाली. सहा वर्षं खपलो. मग बायकोचं दुखणं निघालं, दोन वर्षं दवाखाने. त्यानंतर मी पण असाच एकदा ताडपत्री उचलली. आणि मला काहीही वाटलं नाही. ना राग, ना ओढ. एक लोखंडी वस्तू. पुढच्या महिन्यात विकली, ज्याला दिली त्याने ती चालती केली, लग्नाच्या वरातीत वापरतो. मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. घाटवळण, तुम्हाला डबे बघून हसू आलं म्हणता, म्हणजे तुमचं अजून शिल्लक आहे. पण सहा महिन्यांनी ते संपलं तर विकायला लाजू नका, एवढंच.

डबलक्लच | १४ जून

वहीबंद, फार्गो विकलीत हे इथे पहिल्यांदा सांगताय. आम्ही समजत होतो शेडमध्ये आहे. वहिनी कशा आहेत आता?

वहीबंद | १४ जून

बऱ्या आहेत. त्याच विकायला नको म्हणत होत्या.

कागदं_आधी | १९ जून

कंटाळवाणं काम मी करतो. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, धंद्यात नसलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००, नंबरात "व्हीए" अक्षरं. नोंदणी झाली तरी रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच.

आता मेख. हा नियम दुचाकी आणि एम-१ वर्गाच्या प्रवासी चारचाकींसाठी आहे. ट्रक एन (मालवाहू) वर्गात मोडतो. म्हणजे ६४ वर्षांचा ट्रक कायद्याने व्हिंटेज नाही, तो फक्त म्हातारा आहे. लोक इथे "व्हिंटेज नंबर काढून घ्या" असा सल्ला सर्रास देतात, तो ट्रकला लागू नाही.

आरसी कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या असेल तर वारसाने नाव लागायला हवं, आणि गाडी वापरात नाही असं कधी कळवलं होतं का ते आधी शोधा. कळवलं नसेल तर मागचा कर निघू शकतो. आरटीओत जाण्याआधी फाइल हातात असू दे. आणि तोवर गाडी स्वतःच्या जागेतच फिरवा. घाटात "फक्त एक चक्कर" नको, विमा नसताना काही झालं तर आयुष्य जाईल.

घाटवळण | १९ जून

आरसी आजोबांच्या नावावर, जुना तीन अक्षरी नंबर. ९७ साली अण्णांनी अर्ज दिल्याची पोच सापडलीय, अर्धी वाळवीने खाल्लेली. नेमका तारखेचा भाग शिल्लक आहे. अंगणापुरतीच फिरवायची आहे, तेवढ्याने माझं भागतं.

घाटवळण | १३ जुलै

इंजिन फिरलं! पंधरा दिवसांत नाही, चोवीस लागले. पुतण्या सबल धरून होता, मी नुसता खुर्चीवर बसून सूचना देत होतो. हे मला जमत नाही, ल्येको. हातात पाना नसताना दुसऱ्याला सांगत बसणं म्हणजे शिक्षा आहे. त्याला "डावीकडे" म्हटलं की तो त्याच्या डावीकडे जातो, मी माझ्या. अण्णा मला असेच शिव्या घालायचे, त्यांचं आता कळतंय.

गिअरबॉक्सही बांधला. टेबलावरच. सगळे डबे रिकामे झाले, देव सोडून. आणि आता भानगड : सिलेक्टरचे दांडे हाताने सरकवून बघितले तर एकाच वेळी दोन दांडे सरकतात. पहिला आणि तिसरा दोन्ही पडले आणि बॉक्स असा जाम झाला की शाफ्ट फिरेना. परत खोललं, परत बसवलं, परत तेच. कंबर दोन दिवस आडवी. काय चुकतंय?

एसटी_मिस्त्री_निवृत्त | १४ जुलै, सकाळी ५.५०

देव बसवला का?

घाटवळण | १४ जुलै

नाही. तो कुठला ते कळलं नाही म्हणून बाजूला ठेवलाय.

एसटी_मिस्त्री_निवृत्त | १४ जुलै

अरे मग! मीच तुला जूनमध्ये फोटो टाक म्हटलं आणि तू वर्णन टाकलंस तेव्हा गावाला गेलो होतो, राहून गेलं. आता ऐक.

वरच्या झाकणात तीन दांडे आहेत. प्रत्येक दांड्याला वरून गोळी आणि स्प्रिंग, ती गिअर पडल्यावर टिचकन बसते, गिअर सुटू देत नाही. ते तू बसवलंस. पण मधल्या दांड्याला एक आडवं भोक असतं, आरपार. त्यात ही पिन. तिच्या दोन्ही बाजूंना दांड्यांच्या मधे आणखी गोळ्या. एक दांडा सरकला की तो गोळीला ढकलतो, गोळी पिनला, पिन पलीकडच्या गोळीला, आणि बाकीचे दोन दांडे जागच्या जागी कुलूपबंद. एका म्यानात दोन तलवारी राहू देत नाही ती. बाहेरून दिसत नाही, आवाज नाही, झिजत पण नाही फारशी. ती नसली तर एखाद्या दिवशी उतारावर दोन गिअर एकदम पडतात आणि बॉक्सचे दात ताटात येतात. म्हणून देव.

आमच्या डेपोत एका पोराने ही पिन हरवली आणि सांगितलं नाही. गाडी गेटच्या बाहेर दहा फुटांवर जागेवर गपकन थांबली, प्रवासी नव्हते हे नशीब.

चिंधीत गुंडाळून ठेवली होती म्हणालास ना. तुझ्या अण्णांनी कधीतरी हरवली असणार आणि शोधली असणार. असा जपणारा माणूस एकदा पोळलेला असतो.

घाटवळण | १५ जुलै

आईला विचारलं. ८९ साली पाटणजवळ रस्त्याकडेला बॉक्स उघडला होता, अण्णा आणि किन्नर (गाडीवरचा क्लीनर) कंदील घेऊन रात्रभर गवतात काहीतरी शोधत होते, सकाळी सापडलं. काय ते आईला माहीत नाही, "काहीतरी चिंगुळकं होतं" म्हणाली.

देव बसला. आता एका वेळी एकच दांडा. टिच, टिच, टिच. पुतण्याला दहा वेळा करून दाखवलं, तो पळून गेला.

लेथवाला_उद्यमनगर | २ ऑगस्ट

घाटवळण, तुमचा रेडिएटर झाला. वरची-खालची टाकी दुसऱ्या गाडीची घेतली, कोअर तांब्या-पितळेचाच नवीन घातला. ॲल्युमिनियमचा स्वस्तात होता, पण तुमच्या पोस्टी वाचतो म्हणून विचारलं पण नाही. डायनामो मिळाला नाही, अल्टरनेटरचा ब्रॅकेट करून देतो. ओरिजिनलसाहेबांना सांगू नका.

ओरिजिनलच_हवं | २ ऑगस्ट

वाचतोय मी.

अनघा_मिरकरवाडा | २१ ऑगस्ट

दादा, सुरू करायच्या आधी एक. तुमच्या डिझेल पंपाला व्हॅक्यूम गव्हर्नर (रेस आवरणारा भाग) आहे, फोटोत दिसतोय. त्याच्या आत चामड्याचा पडदा असतो. हवेच्या पाइपातली ओढ त्या पडद्याला खेचते, म्हणून डिझेल कमी होतं. पडदा वाळून चिरला की ओढच लागत नाही, आतली स्प्रिंग रॅकला (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) पूर्ण डिझेलवर ढकलते आणि इंजिन स्वतःच्या मनाने चढत जातं. चावी काढून ते थांबत नाही, डिझेल इंजिनाला चावीशी देणंघेणं नाही. पंपवाल्याने पडदा बदललाय का? नसेल तर बदला. आणि पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टर काढून हवेच्या तोंडाशी रबर ठोकलेली फळी घेऊन एक माणूस उभा करा. हवा बंद, इंजिन बंद. हात नको, चिंधी नको, आत ओढली जाते.

घाटवळण | २१ ऑगस्ट

पंपवाला म्हणाला पडदा ठीक आहे, बघितलाय. फळी करतो तरीही.

घाटवळण | ७ सप्टेंबर, रात्री

अनघाताई, तुमचे उपकार.

मागच्या आठवड्यात एका दुपारी साडेतीनला सेल्फ मारला. दोनदा नुसतं खोकली, तिसऱ्यांदा पांढरा धूर, मग एक सिलिंडर, मग तीन, मग सगळे. काय आवाज तो! गल्लीतली म्हातारी माणसं दारात आली. एक जण म्हणाला, "गूळ निघाला." मी डोळे पुसतोय तेवढ्यात रेस वाढायला लागली. मला वाटलं पुतण्याचा पाय आहे. तो खाली उभा होता. रेस चढतच गेली, अख्खी केबिन थरथरायला लागली, बॉनेटची कडी उडाली. मी "फळी! फळी!" ओरडलो. फळी धरून बायको उभी होती. सकाळपासून "मला या भानगडीत ओढू नका" म्हणणारी बायको. तिने फळी तोंडावर अशी आपटली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली, की इंजिन दोन सेकंदांत गुदमरून बंद. मग शांतता. मग ती म्हणाली, "झालं? भाजी करपली असेल."

पंप उघडला. पडद्याला करंगळी जाईल एवढी चीर. ज्याने "बघितलाय" म्हटलं त्याने कव्हरसुद्धा उघडलं नव्हतं, स्क्रूंवरचा जुना रंग तसाच होता. मीही ते बघितलं नाही, ती चूक माझी. नवीन चामड्याचा पडदा कापून घेतला, निटसफूटच्या तेलात (चामडं मऊ ठेवणारं तेल) दोन दिवस भिजवला. काल परत सुरू केलं. रेस सोडली की खाली येते, घड्याळासारखी. बायको फळी घेऊन होतीच, आता तिला ती खुंटीला टांगून हवीय.

अनघा_मिरकरवाडा | ७ सप्टेंबर

वहिनींना साष्टांग. फळी टांगू नका, गाडीतच ठेवा.

डबलक्लच | ८ सप्टेंबर

आता रंगाचं बोला. मागे "हॉर्न ओके प्लीज" येणार ना?

कागदं_आधी | ८ सप्टेंबर

महाराष्ट्रात २०१५ पासून धंद्याच्या गाड्यांवर ते लिहायला बंदी आहे.

घाटवळण | ८ सप्टेंबर

ते लिहिलेलंच आहे, ७९ सालच्या पेंटरच्या हातचं, फाळक्यावर. पुसणार नाही, नवीन काढणारही नाही. बाहेरून घासून क्लिअर मारायचं, एवढंच. चेपलेलं मडगार्डही तसंच. तिथे अण्णा बसायचे.

घाटवळण | ३ ऑक्टोबर

खंडेनवमीला पाने-पकडींची पूजा झाली, दसऱ्याला गाडीची. आई म्हणाली, "नुसता हारच घालणार की हलवणार?" क्लच दाबला, पहिला टाकला, सोडला. शेडबाहेर चाळीस फूट, जांभळीपर्यंत. दुसरा टाकायचा मोह झाला. डबल क्लच मारून बघितला, पडला, खर्र न करता. मग रिव्हर्स. जावयाने काम केलं, सरळ मागे आली. कंबर आज बोलतेय पण शिव्या देत नाहीये.

एक अडचण. पुढच्या डाव्या चाकाची लॉक रिंग (टायर डिस्कवर अडकवून ठेवणारी लोखंडी कडी) गंजून पातळ झालीय. ९.००-२० चं टायर, जुनी रिंगवाली डिस्क. हवा कमी भरून हलवली, पण अशी ठेवायची भीती वाटते. कोणाकडे रिंग आहे का?

एसटी_मिस्त्री_निवृत्त | ४ ऑक्टोबर, सकाळी ६.००

ती रिंग आत्ताच्या आत्ता हवा सोडून उतरव. त्या चाकाच्या समोर कोणाला उभं राहू देऊ नको, पोरांना तर अजिबात नाही. रिंग सुटली की माणूस राहत नाही, मी बघितलंय.

माझ्याकडे दोन आहेत, चांगल्या. मिरजेला ये. हवा भरताना पिंजरा नसेल तर चाकाला साखळीचे तीन वेढे घाल आणि लांब नळी लावून लांबून भर. येताना तुझ्या अण्णांचा तो हिंगाचा डबा आण, मला बघायचाय.

घाटवळण | ४ ऑक्टोबर

हवा सोडली. रविवारी येतो, काका. सासू अजून कुरकुरते, तिचं पण काहीतरी बघा.